अणुविज्ञानाचे अनुदान आणि चंद्रपूरची राख

अणुऊर्जा विभागाचे 'बीआरएनएस' मंडळ विद्यापीठांना अणुविज्ञान संशोधनासाठी अनुदान देते. योजना स्तुत्य आहे. परंतु प्रकल्पात सहसा विभागाच्याच संस्थेतील सहयोगी शास्त्रज्ञ लागतो. मुंबईच्या प्राध्यापकांना भाभा अणुसंशोधन केंद्र जवळ आहे. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने असा सहयोगी कोठून शोधावा?

विषय तर दारातच आहे. दगडी कोळशात युरेनियम व थोरियम अत्यल्प असतात. कोळसा जळाला की ते राखेत एकवटतात. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेतील, भोवतालच्या मातीतील किरणोत्सार विद्यार्थ्यांनी मोजावा. त्यासाठी अणुभट्टी नको; गॅमा किरण मोजणारे उपकरण आणि ते शिकवणारा माणूस हवा. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की दूरच्या विद्यापीठांना सहयोगी मिळवून देण्याची जबाबदारी मंडळानेच घ्यावी.