सॅक्सोफोनमागे राहिलेला शाहीर

1977 च्या जानेवारीत मी ओहायोत नोकरीला लागलो, तेव्हा माझ्या सेकंडहँड गाडीचा हीटर चालत नसे, पण रेडिओ ठणठणीत होता. रोज सकाळी कुडकुडत कामावर जाताना 'इयर ऑफ द कॅट' हटकून लागायचं. आधी पियानो, मग गिटार, आणि मग तो सॅक्सोफोन! शब्द निम्मेही कळत नसत. गाणारा कुणी अमेरिकन असावा, अशीच माझी समजूत होती.

तो अल स्ट्यूअर्ट. जन्म 1945 चा, ग्लासगोचा. वडील ब्रिटिश हवाई दलात होते. मुलाच्या जन्माआधीच ते विमान अपघातात गेले. पोरगा वाढला दक्षिण इंग्लंडात आणि गिटार घेऊन लंडनच्या लोकगीतांच्या क्लबांत शिरला. काही काळ पॉल सायमन त्याच्या शेजारच्या खोलीत राहत होता. सुरुवातीच्या तबकड्या प्रेमप्रकरणांच्या. 1969 च्या 'लव्ह क्रॉनिकल्स'चं शीर्षकगीत तर चांगलं अठरा मिनिटांचं आहे. तरुणपणी आपल्या प्रेमभंगाइतकी महत्त्वाची घटना जगात दुसरी नसते, त्यातलाच प्रकार. मी ते एका बैठकीत पुरं ऐकू शकलेलो नाही.

खरा स्ट्यूअर्ट सापडतो तो 1973 च्या 'पास्ट, प्रेझेंट अँड फ्यूचर'मध्ये. विसाव्या शतकाच्या दशकांवर गाणी रचायची, असा तो बेत होता. त्यातलं 'रोड्स टू मॉस्को' माझ्या मुलाने घरी आणलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तो दहावीत होता आणि दुसऱ्या महायुद्धावर त्याला निबंध लिहायचा होता. आठ मिनिटांचं गाणं. 1941 च्या जूनमध्ये जर्मन फौजा रशियात घुसतात तिथून सुरुवात. सांगणारा एक साधा रशियन सैनिक. माघार, बर्फ, मग उलट चाल, थेट जर्मनीपर्यंत. लढाई जिंकली, संपलं, असं वाटत असताना त्याला विचारलं जातं, तू मध्ये शत्रूच्या हाती सापडला होतास ना? एकच दिवस, तो म्हणतो. तेवढं पुरतं. गाडी त्याला घराकडे नेत नाही, पूर्वेला सायबेरियाकडे नेते.

मुलाने विचारलं, "बाबा, हा शेवटी घरी पोचतो का हो?"

मला उत्तर देता येईना. मी त्याला लहानपणापासून तानाजीची गोष्ट सांगत आलो होतो. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा आपल्यापैकी किती जणांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐकला असेल! गड आला पण सिंह गेला, हे दुःख आपल्याला ठाऊक आहे. पण ते दुःख सिंहाचं. दोरावरून वर चढलेल्या एखाद्या मावळ्याचं पुढे काय झालं, घरी त्याची वाट कोण पाहत होतं, हे त्या गोष्टीत येत नाही, आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. पोवाडा जिथे थांबतो तिथे स्ट्यूअर्टचं गाणं खरं सुरू होतं. म्हणून मी त्याला शाहीरच म्हणतो, पण उलट्या बाजूचा.

याच तबकडीत 'वॉरन हार्डिंग' आहे. व्हाइट हाऊसमध्ये एकाकी बसलेला राष्ट्राध्यक्ष, आणि दुसरीकडे युरोप सोडून, हातात कागदपत्रं नसताना अमेरिकेत आलेला एक माणूस. सूर उडता, जवळजवळ गमतीदार. पण याच हार्डिंगने 1921 मध्ये परदेशातून येणाऱ्यांवर कोटा घालणाऱ्या कायद्यावर सही केली, हे लक्षात घेतलं की गंमत जरा खाली बसते. आपल्यासाठी दार उघडायला 1965 चा कायदा यावा लागला. तेव्हा हे गाणं आपलंही आहे, असं मी बिनदिक्कत म्हणतो.

मग 1976 साल. ॲलन पार्सन्सच्या निर्मितीत 'इयर ऑफ द कॅट' आलं आणि अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. ती चाल मुळात टोनी हॅनकॉक या इंग्रज विनोदी नटाच्या शोकांतिकेवरच्या शब्दांसाठी होती. ते शब्द गेले, त्या जागी व्हिएतनामी पंचांगातलं मांजराचं वर्ष आलं. स्ट्यूअर्ट लॉस एंजलिसला येऊन राहिला. 1978 चं 'टाइम पॅसेजेस'ही गाजलं. पण माझ्या मते इथेच त्याचं नुकसान झालं. सगळं इतकं गुळगुळीत, इतकं चकचकीत झालं की गोष्ट सांगणारा माणूस मागे गेला. मुळात त्याचा आवाज बारीक, नाकातला. त्याला मोकळी जागा लागते. फिल केन्झीचा सॅक्सोफोन सुरेखच आहे, पण लोकांनी तोच घरी नेला.

त्याचे दोषही आहेत. कधी कधी नावांची आणि सनावळीची इतकी गर्दी होते की गाणं आहे की सामान्यज्ञानाची परीक्षा, असं वाटतं. तरी 1995 चं 'बिटवीन द वॉर्स' ऐकाच. 'लीग ऑफ नोशन्स'मध्ये मोठी माणसं नकाशावर रेघा मारत बसतात. 1947 च्या गोष्टी आजी-आजोबांकडून ऐकलेल्यांना त्यात हसू येईल, पण ते फार टिकणार नाही. साथीला लॉरेन्स ज्युबरची गिटार, वाद्यमेळ अगदी बेताचा. कीर्ति उतरणीला लागल्यावर माणूस पुन्हा मोकळा झाला.

काही वर्षांनी मुलाने आम्हा दोघांना त्याच्या कार्यक्रमाला नेलं. दोनतीनशे खुर्च्यांचं सभागृह. तो आणि साथीला एक गिटारवाला. दोन गाण्यांमध्ये तो इतिहासातल्या गोष्टी सांगत होता. सौ. कानाशी म्हणाली, "अहो, हे तर कीर्तनच!" निरूपण जास्त, अभंग कमी, हेही खरं. शेवटी अर्थातच 'इयर ऑफ द कॅट' झालं. सॅक्सोफोनची जागा आली तेव्हा गिटारवाल्याने ती भरून काढली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कळलं की ते गाणं एका परक्या गावात उतरलेल्या प्रवाशाचं आहे. त्याची बस निघून जाते आणि तो तिथेच राहतो.