यश हे प्रयोजन नव्हे

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत. त्यांत पहिले स्थान यशाला आहे आणि दुसरे धनाला. यश म्हणजे येथे कीर्ती. ती कालिदासाला मिळाली तशी, आणि धन श्रीहर्षाकडून धावकाला मिळाले तसे, अशी उदाहरणेही त्याने दिली आहेत. अकराव्या शतकातल्या काश्मिरी पंडिताचा हा विचार मराठीच्या वर्गांतून आजही शिकवला जातो. मीही तो अनेक वर्षे शिकवला. परंतु दलित साहित्य शिकवण्याची वेळ आली तेव्हा ही यादी हाताशी धरून एक पाऊलही पुढे टाकता येईना. कारण येथे लिहिणारा कीर्तीसाठी लिहीत नव्हता आणि त्याला धन देणारा कोणी राजाही नव्हता.

हा प्रश्न केवळ काव्यशास्त्राचा असता तर त्यासाठी एवढी पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. पण मम्मटाचे ‘यश’ आता नव्या वेषात परत आले आहे. दलित आत्मकथने अलीकडे ‘यशोगाथा’ म्हणून वाचली जातात. सत्कार समारंभात, स्पर्धा परीक्षांच्या शिबिरात, शाळेच्या स्नेहसंमेलनात एकच गोष्ट सांगितली जाते: अमुक माणूस झोपडीत जन्मला, त्याने मोठे ध्येय ठेवले, रात्रीचा दिवस केला आणि तो मोठा साहेब झाला, तुम्हीही ध्येय ठेवा, तुम्हीही व्हाल. या गोष्टीत जात फक्त पहिल्या पानावर असते. ती शर्यतीतल्या अडथळ्यासारखी येते. नायक तिच्यावरून उडी मारतो आणि पुढे ती दिसेनाशी होते. बाबासाहेबांचे चरित्रसुद्धा आता याच साच्यात ओतले जात आहे.

या गोष्टीत काही खरे नाही असे मला म्हणायचे नाही. ज्याला आपण कशासाठी जगतो हे कळले आहे तो माणूस सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम करून जातो, हे आपल्या चळवळीने पदोपदी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की ध्येय आणि प्रयोजन यांत फरक आहे, आणि तो पुसला की आपले साहित्य आपल्याच विरोधात वापरले जाते. ध्येय मिळाले की संपते. प्रयोजनाचे तसे नाही. माणसाला काही मिळाल्यावरही ते त्याला स्वस्थ बसू देत नाही.

बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चे उदाहरण घेऊ. हे पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले. दलित स्त्रीने लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या आत्मकथनांत त्याची गणना होते. बेबीताई फलटणच्या. किराणा दुकान चालवणारी, लेकरे वाढवणारी, फारसे शालेय शिक्षण न मिळालेली ही बाई. दुकानात सामान बांधायला येणारी रद्दी ती वाचत असे. लिहू लागली तेव्हा नवऱ्यापासून आणि मुलापासून वह्या लपवून लिहीत राहिली, एकदोन नव्हे, सुमारे वीस वर्षे. पुढे फलटणला स्थायिक झालेल्या भाषाभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना या लेखनाचा पत्ता लागला आणि त्यांच्या प्रोत्साहनाने ते छापले गेले. २००८ साली माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि फलटणच्या दुकानातली ही वही देशाबाहेरच्या विद्यापीठांत वाचली जाऊ लागली.

हे यश असाधारण आहे यात शंका नाही. पण वीस वर्षे लपवून लिहिणाऱ्या बाईसमोर यशाची कोणती आशा होती? प्रकाशक ठाऊक नव्हता, वाचक ठाऊक नव्हता, घरात कळले असते तर काय वाढून ठेवले असते तेवढे मात्र ठाऊक होते. कीर्तीच्या आशेवर एवढी वर्षे कोणी काढत नाही. ती वर्षे निघाली, कारण बाबासाहेबांनी माणूस केलेल्या समाजाचे आधीचे जिणे कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे, नाहीतर पुढची पिढी आपण कोठून आलो हेच विसरेल, ही तळमळ त्यामागे होती.

प्रयोजनाने लेखिकेला चिकाटी दिली, एवढ्यावर समीक्षेने थांबू नये. प्रयोजनाने पुस्तकाचा घाट ठरवला, हे अधिक महत्त्वाचे आहे. शीर्षकातच ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. पुस्तकाच्या मोठ्या भागात बेबी नावाची मुलगी मधूनमधून डोकावते, एरवी समोर असतो तो वीरगावचा महारवाडा: आषाढातले देवदेव, मुलांना सोडलेले पोतराजपण, उपाशीपोटी बाळंत होणाऱ्या बाया, सुनांचा छळ. सरपणाच्या मोळ्या विकायला गेलेल्या बायांना त्या मोळीतली काटकी नि काटकी तपासावी लागे, कारण महारणीचा एखादा केस चिकटून गेला तर घेणाऱ्या घराला विटाळ व्हायचा. हा प्रसंग वाचताना लेखिका स्वतःसाठी कणव मागत नाही. जातिव्यवस्था एका केसापर्यंत कशी पोहोचली होती हे ती दाखवते. जेजुरीला बाबासाहेबांचे भाषण ऐकल्यानंतर या वस्तीत काय हलले, मुलांना शाळेत घालण्याचा हट्ट बायांनी कसा धरला, हेही ती वस्तीचीच गोष्ट म्हणून सांगते. पुस्तकाच्या शेवटी नायिका कोठल्या पदावर पोहोचत नाही. उलट शिकून नोकरीला लागलेले आणि समाजाकडे पाठ फिरवलेले लोक तिच्या रागाचा विषय होतात. यशोगाथा जेथे टाळ्या घेऊन संपते, तेथे हे पुस्तक जाब विचारते.

या प्रयोजनाची किंमतही सांगितली पाहिजे. इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. पुस्तकात मात्र ते नाही. आपल्याला समाजाचे दुःख लिहायचे होते, स्वतःचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेचा मी आदर करतो, परंतु समीक्षक म्हणून मला येथे थांबावे लागते. ‘आमुचं’ म्हणताना बाईच्या अंगावरचे वळ मजकुराबाहेर राहिले. समाजाचे प्रयोजन कितीही मोठे असले तरी त्याच्या पोटात बाईचे दुःख झाकले जात असेल तर ते प्रयोजन अजून पुरे झालेले नाही. सुनांच्या छळाची पाने इतक्या धारदारपणे लिहिणाऱ्या बेबीताईंना हे कळत नव्हते असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. त्यांनी निवड केली. त्या निवडीची चर्चा मात्र आपण केली पाहिजे.

यशोगाथा म्हणून सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक म्हणजे नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३). लेखक अर्थतज्ज्ञ, रिझर्व्ह बँकेत मोठ्या पदावर काम केलेले, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले. साहजिकच व्याख्याते ‘आम्ही’वर बोट ठेवतात. माझ्या मते पुस्तकाचे बळ ‘बाप’ या शब्दात आहे. ओझरचा दामू येसकरकीचे अपमानास्पद काम नाकारतो, मार खातो आणि बायकोला घेऊन मुंबई गाठतो. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची हवा त्याला लागलेली असते. पोरांनी जे कराल त्यात वरच्या दर्जाचे व्हावे हा त्याचा आग्रह सर्वांच्या तोंडी आहे. पण हा आग्रह आला कोठून? नाशिकच्या रस्त्यावर बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या लढ्यातून तो आला. एका निरक्षरप्राय कामगाराने गावकीला दिलेला नकार हे या घराचे पहिले यश आहे. पदव्या नंतरच्या. वाचकांनी नकार सोडला आणि पदव्या उचलल्या, हा दोष पुस्तकाचा कमी आणि वाचनाचा अधिक आहे. तरीही एवढे म्हणावेसे वाटते की पुस्तकाचा प्रवास पायथ्यापासून शिखरापर्यंत असा आखला गेल्यामुळे अशा वाचनाला वाट मोकळी झाली. ‘जिणं आमुचं’ला शिखर नाही, म्हणून ते शिबिरांत फारसे वाचले जात नाही.

आता बाबासाहेबांविषयी. ते रोज किती तास वाचत याची वर्णने आपण मुलांना सांगतो आणि एवढ्यावर समाधान मानतो. घटनांचा क्रम नीट पाहावा. १९१३ साली ते कोलंबियाला गेले. १९१६ साली लंडनला पोहोचले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही. सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, तिच्यातून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, हे सारे जोडून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. जाण्यापूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली. बॅरिस्टरीही हातात आली. पदवी हे ध्येय असते तर चरित्र येथे संपले असते. पण १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ साली महाड, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ, १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेतले महाविद्यालय असा जो क्रम पुढे लागतो, त्याचा उलगडा ध्येयाच्या भाषेत होत नाही. येथे विद्वत्ता हे साधन आहे. प्रयोजन विद्वत्तेच्या आधीचे आहे आणि तिच्या पलीकडचे आहे.

याच क्रमात दुसरीही गोष्ट दिसते. १९१७ साली प्रयोजनात काही कमी नव्हते, पैसा संपला होता. ज्ञानाची एवढी भूक असलेल्या माणसालाही शिष्यवृत्ती संपताच बोट धरावी लागली. आणि १९२० साली त्यांना परत जाता आले त्यामागे रमाबाईंनी मुंबईत ओढलेला संसार होता, ज्यात लेकरांचे मृत्यू होते आणि रोजची टंचाई होती. तेव्हा जिद्द असली की सारे जमते असे सांगणारा माणूस बाबासाहेबांचे चरित्र अर्धेच वाचतो. मोठ्या कामासाठी प्रयोजन लागते हे खरे, पण त्याला उभे राहायला जमीनही लागते. ती जमीन समाजाने आणि शासनाने द्यायची असते.

हे सांगणे का निकडीचे आहे? एका महाविद्यालयाच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांनी आमच्या मुलांना सांगितले की तुम्ही मागे राहता याचे कारण तुमच्यात जिद्द नाही. समोर बसलेल्या मुलांपैकी काही रात्री काम करून दिवसा वर्गात येणारी होती, काहींची शिष्यवृत्ती वर्ष उलटले तरी जमा झाली नव्हती. यशोगाथेचे हे दुसरे टोक आहे. जो पोहोचला तो स्वतःच्या बळावर पोहोचला असे एकदा ठरले की जो पोहोचला नाही तो स्वतःच्या दोषाने मागे राहिला असेही आपोआप ठरते. कर्मविपाकाचा सिद्धान्त याहून वेगळे काय सांगत होता? पूर्वजन्मीचे पाप म्हणत, आता इच्छाशक्तीचा अभाव म्हणतात.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने जीव दिला. विज्ञानावर लिहिणारा लेखक होण्याचे स्वप्न पाहणारा आणि आंबेडकरी विद्यार्थी चळवळीत उभा असलेला हा तरुण. त्याच्याजवळ प्रयोजन नव्हते असे कोण म्हणेल? त्याला वसतिगृहातून बाहेर काढले होते आणि अनेक महिन्यांची शिष्यवृत्ती थकली होती. हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून ज्याला ‘ध्येय ठेवा’ असे भाषण करता येते त्याने ते खुशाल करावे. मला ते करता येत नाही.

म्हणून दलित साहित्याच्या समीक्षेने मम्मटाची यादी उलटी वाचावी, असे मला सुचवावेसे वाटते. त्याच यादीत ‘शिवेतरक्षती’, म्हणजे अमंगळाचा नाश, हे एक प्रयोजन आहे. मम्मटाने त्यासाठी मयूर कवीचे नाव घेतले आणि परंपरेने ते सूर्यस्तुतीने कवीचा स्वतःचा रोग गेल्याच्या कथेपुरते ठेवले. आपल्या लेखकांसमोरचे अमंगळ एका देहातले नव्हते, साऱ्या समाजाच्या देहात भिनलेले होते. त्याचा नाश हे पहिले प्रयोजन मानले की यशाला त्याची योग्य जागा मिळते. मग आत्मकथन तपासताना आपण विचारू: लेखक कोठे पोहोचला याऐवजी त्याच्या लिहिण्याने काय उघडे पडले? ‘मी’ किती मोठा झाला याऐवजी त्या ‘मी’त ‘आम्ही’ किती उरले? आणि त्या ‘आम्ही’त बाया कोठे आहेत?

हीच कसोटी आपल्या जगण्यालाही लावावी लागेल. मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयीची आपली निराशा बोलून दाखवली. ज्यांच्यावर त्यांनी विसंबून राहायचे तेच लोक पदव्या घेऊन, नोकऱ्या घेऊन आपापल्या घरात शिरले होते. त्यांना यश मिळाले होते, प्रयोजन हरवले होते. बेबीताईंच्या पुस्तकातला राग तोच आहे. त्या स्वतः मात्र पुस्तक छापून झाल्यावर कीर्तीच्या सावलीत बसल्या नाहीत. फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी मागास समाजातील मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. २०१२ साली त्या गेल्या. शिक्षकांनी वर्गात ‘जिणं आमुचं’ शिकवताना या शाळेचा उल्लेख जरूर करावा, आणि विद्यार्थ्यांनी त्याच तासाला आपल्या थकलेल्या शिष्यवृत्तीचा अर्जही सोबत आणावा. तो अर्ज तडीस नेणे हेही त्या पुस्तकाच्या वाचनातच येते.