सिंथेसायझरच्या आद्य इतिहासातील पट्ट्यांचा प्रश्न

ॲनालॉग सिंथेसायझरचा इतिहास बहुधा यंत्रांची वंशावळ म्हणून सांगितला जातो. थेरेमिननंतर मूग, मूगनंतर डिजिटल वाद्ये. प्रत्येक पुढचे यंत्र म्हणजे मागच्याची सुधारित आवृत्ती. या मांडणीत एक गोष्ट विनाचर्चा स्वीकारलेली असते. ती म्हणजे विजेच्या वाद्याला पियानोसारख्या पट्ट्या असणे स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासावयाचे आहे.

आरंभीच्या वाद्यांकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. रशियात १९२०च्या सुमारास लेव्ह थेरेमिन यांनी घडविलेल्या वाद्याला स्पर्शही करावा लागत नाही. अँटेनापासून हाताचे अंतर बदलले की स्वर अखंडपणे चढतो वा उतरतो. पॅरिसमध्ये १९२८ साली मोरिस मार्तनो यांनी सादर केलेल्या वाद्यात बोटात अंगठी घालून ती तारेलगत सरकविण्याची सोय होती. या वाद्यांत स्वरांमधून घसरत जाणे सोपे. एका स्वरावर नेमके स्थिर राहणे हीच खरी परीक्षा.

रॉबर्ट मूग याच परंपरेतून आले. तरुणपणापासून ते थेरेमिन बनवून विकत असत. १९६४ साली संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने त्यांनी सिंथेसायझरचे पहिले रूप सिद्ध केले. त्याचे मर्म विद्युतदाबाने स्वरावर नियंत्रण ठेवण्यात होते. मूग यांच्या पद्धतीत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो. विद्युतदाब ही मुळात अखंड राशी आहे. षड्ज आणि ऋषभ यांच्यामधली प्रत्येक जागा तिच्यात उपलब्ध असते. पट्ट्या जोडल्या गेल्या आणि तिचे व्होल्टच्या बाराव्या हिश्शाएवढे, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्टचे तुकडे पडले. यंत्राला हे तुकडे नको होते, असे गमतीने म्हणता येईल. पट्ट्यांच्या बाजूने डॉइच होते, तर कोलंबिया विद्यापीठातील व्लादिमिर उसाचेव्हस्की त्यांच्या विरोधात. कॅलिफोर्नियात त्याच सुमारास डॉन बुकला यांनी घडविलेल्या यंत्रात पियानोच्या पट्ट्यांऐवजी स्पर्शाने चालणाऱ्या धातूच्या चकत्या होत्या. मॉर्टन सबॉटनिक यांची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ (१९६७) ही कृती बुकलाच्याच यंत्रावर घडली.

निर्णय मात्र बाजारात झाला. वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ (१९६८) ही ध्वनिमुद्रिका अफाट लोकप्रिय झाली आणि सिंथेसायझर म्हणजे पट्ट्यांचे वाद्य हे समीकरण रूढ झाले. मूग त्या वेळी एका क्षणी एकच स्वर देत असे. त्यामुळे बाखच्या रचनेतील प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे टेपवर घेऊन एकमेकींवर बसवावी लागली. त्या परिश्रमांविषयी आदरच वाटतो. परंतु बाखच्या कसोटीला उतरणे हीच नव्या यंत्राची प्रतिष्ठा ठरावी, यात त्या यंत्राच्या शक्यतांचा संकोच झाला, असे म्हणावे लागते.

मराठी वाचकाला हा वाद अपरिचित नाही. संगीत नाटकाने आपलीशी केलेली हार्मोनियम मींड देत नाही, तिचे स्वर समविभागी आहेत, हे आक्षेप जुनेच. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमंट्स यांनी श्रुति-हार्मोनियमचा प्रयत्न केला. त्यात पायऱ्या वाढल्या, तरी त्या पायऱ्याच राहिल्या. हार्मोनियमची अडचण तिच्या देहातच आहे, कारण पितळी सूर एकाच स्वराला बांधलेला असतो. सिंथेसायझरवर तोच आक्षेप घेणे मात्र अन्यायाचे ठरते. येथे मर्यादा पट्ट्यांची आहे, नादाची नव्हे.

या दृष्टीने चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ (१९८२) ही ध्वनिमुद्रिका विचारात घेण्याजोगी आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वावरलेल्या या वादकाने रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे वापरून दहा राग मांडले. २०१० साली तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ संगीताची ही पूर्वसूरी, अशी तिची ख्याती झाली. या कौतुकात रागांविषयी जवळजवळ काहीच बोलले जात नाही. पुन्हा एकदा मोजपट्टी बाहेरचीच!

रागांच्या निकषावर पाहता तिचे यश सर्वत्र सारखे नाही. भूप, कलावती यांसारख्या पाच स्वरांच्या रागांत स्वरांमधील मोकळी अंतरे आणि लयीचा अखंड ठेका यांचे चांगले जमते. तोडीचे तसे नाही. तोडीचा गंधार समविभागी पट्टीपेक्षा उतरलेला असावा लागतो आणि आंदोलनाशिवाय तो तोडीचा वाटत नाही. टीबी-३०३ मध्ये स्वर सरकविण्याची सोय आहे, हे खरे; पण त्या सरकण्याचा वेग मंडलातील कंडेन्सर ठरवितो आणि प्रत्येक वेळी तो सारखाच राहतो. मींड घेणारा बीनकार वाटेत कोठे रेंगाळायचे, कोठे झटकन पुढे जायचे, हे त्या क्षणी ठरवितो. मूग यांच्याच कारखान्यात बोट सरकवून वाजविण्याची रिबनची जोडणीही तयार होत असे, आणि १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्र उभे करून दिले होते. तेथे १९७२ पर्यंत झालेली भारतीय संगीतकारांची ध्वनिमुद्रणे २०२३ साली प्रसिद्ध झाली आहेत. तोडीचा गंधार त्या यंत्राच्या आवाक्यात होता. पट्ट्यांवरचा हात तेवढा उचलायला हवा होता.