आभासी जगातून हाती काय लागले?

आभासी जग हा आता केवळ संगणकशास्त्राचा विषय राहिलेला नाही. शल्यचिकित्सक, मानसोपचारतज्ज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ असे अनेक जण त्यात उतरले आहेत. या संशोधनाचे उगम दोन. इव्हान सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचे दृश्ययंत्र दाखवले; मान वळवली की समोरची आकृतीही त्याप्रमाणे बदलायची. दुसरा उगम इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी तिथे १९७८ पासून रचलेल्या जगात चित्र एकही नव्हते. अनेक खेळाडू नुसत्या मजकुराच्या आधारे एकमेकांना भेटत. पहिली धारा इंद्रियांना वेगळ्या जागी नेणारी, दुसरी माणसांना एकत्र आणणारी. दोन्हींना कसोटी मात्र एकच लावायला हवी: तिथून बाहेर पडल्यावर आयुष्यात किंवा ज्ञानात नेमकी कोणती भर पडते?

या कसोटीवर वैद्यकशास्त्र सर्वांत पुढे आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाळ दरीचे जग बनवले. जखमा साफ करताना रुग्ण त्या दरीत बर्फाचे गोळे फेकत राहतो. लक्ष तिकडे गुंतले की वेदनेच्या वाट्याला कमी येते, हे त्यामागचे साधे तत्त्व. येल विद्यापीठातील २००२ च्या प्रयोगात आभासी सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय सोडवण्याचे काम इतरांपेक्षा २९ टक्के कमी वेळात आणि कमी चुका करून पार पाडले. प्रयोगात डॉक्टर सोळाच होते, पण मोजमाप झाले ते खऱ्या शस्त्रक्रियेत, खऱ्या रुग्णांवर. त्याचे मोल आजही त्यामुळेच आहे.

ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१८ मध्ये शंभर जणांवर केलेली चाचणी अशीच गाजली. आभासी प्रशिक्षकाच्या मदतीने उपचार घेतलेल्यांची उंचीची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. निष्कर्ष मोठा आहे. पण तुलना ज्यांच्याशी झाली, त्यांपैकी बहुतेकांना काहीच उपचार मिळत नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या तोडीचे हे तंत्र आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्या चाचणीत नाही. मात्र जिथे असा तज्ज्ञ मिळतच नाही, तिथे त्याचे मोल उघड आहे.

शिक्षणात चित्र वेगळे दिसते. कोपनहेगनच्या गुइडो मक्रान्स्की यांच्या २०१९ च्या अभ्यासात विज्ञानाचा एकच आभासी प्रयोग काही विद्यार्थ्यांनी हेडसेट लावून, तर काहींनी साध्या पडद्यावर केला. हेडसेटवाल्यांना आपण प्रयोगशाळेतच आहोत असे अधिक वाटले, पण त्यांचे शिकणे कमी झाले. मेंदूच्या विद्युतलहरींतही अधिक बौद्धिक ताण दिसला. अमेरिकेतील पॅराँग आणि मेयर यांना २०१८ मध्ये साध्या स्लाइड्सनी शिकलेले विद्यार्थी सरस आढळले. आभासी धड्याच्या प्रत्येक भागानंतर मुलांना सारांश लिहायला लावला, तेव्हा मात्र शिकणे सुधारले. म्हणजे फरक पाडला तो मुलांना विचार करायला लावण्याने. आपल्याकडे आयआयटी मुंबईसह अनेक संस्थांनी उभारलेला ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्प साध्या ब्राउझरवर चालतो. हेडसेटच्या झगमगाटात या वाटेला कमी लेखू नये.

सामाजिक शास्त्रांना या जगांनी सर्वांत रसाळ सामग्री दिली. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील व्यवहार खऱ्या डॉलरमध्ये मोजले, तेव्हा तिथले दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान भरले. टॉम बोएलस्टॉर्फ यांनी ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात राहून तिथल्या समाजावर २००८ मध्ये ग्रंथ लिहिला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात सप्टेंबर २००५ मध्ये तर साथच पसरली. खेळाच्या एका बंदिस्त भागापुरता योजलेला शाप पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत शिरला. कोणी पळाले, कोणी इतरांना वाचवायला धावले, कोणी मुद्दाम संसर्ग पसरवला. साथीच्या गणिती प्रतिमानांत माणसांच्या वागण्याचा हा पैलू कसा आणावा, याची चर्चा लॉफग्रेन आणि फेफरमन यांनी २००७ मध्ये केली. पण खेळात मेलेला पुन्हा उठतो. त्यामुळे तिथले धाडस जसेच्या तसे वास्तवावर लादता येत नाही. शिवाय ही जगे खाजगी कंपन्यांची आहेत. गूगलचे ‘लाइव्हली’ २००८ मध्ये काही महिन्यांतच बंद झाले, मायक्रोसॉफ्टचे ‘अल्टस्पेस’ २०२३ मध्ये. मालकाने दार लावले की तिथला समाजही संपतो आणि अभ्यासही.

मेंदूविज्ञानातून आलेला इशारा मला सर्वांत मोलाचा वाटतो. लॉस एंजेलिसच्या मयंक मेहता यांच्या प्रयोगशाळेत आभासी खोलीत फिरणाऱ्या उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातल्या निम्म्याहून अधिक पेशी शांत झाल्या आणि खऱ्या खोलीत तयार होतो तसा जागेचा नकाशा तिथे तयार झाला नाही. नुसत्या दृश्याने शरीराची भूक भागत नाही. आभासी वास्तव हे सहानुभूतीचे यंत्र आहे, हा २०१५ पासून गाजलेला दावाही असाच सैल पडला. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये घेतला गेला, तेव्हा भावना हेलावतात असे दिसले. दुसऱ्याची बाजू समजून घेण्याची क्षमता मात्र वाढलेली आढळली नाही.

या साऱ्यात शरीर कोणाचे गृहीत धरले जाते, हा प्रश्नही सुटलेला नाही. के स्टॅनी यांच्या २०२० च्या अभ्यासानुसार स्त्रियांना हेडसेटमुळे होणाऱ्या मळमळीचे एक मोठे कारण यंत्राची रचना हेच होते. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर कमी असलेल्यांना हेडसेटची भिंगे जुळत नव्हती. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५११ जणांच्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली तपासल्या. पाच मिनिटांपेक्षा कमी नोंदीवरून ९५ टक्क्यांहून अधिक वेळा माणूस अचूक ओळखता आला. नाव पुसले तरी हालचाल ओळख सांगते.

मिळून निष्कर्ष असा: उद्दिष्ट नेमके असेल, परिणाम वास्तवात मोजला जात असेल, तिथे हे तंत्र खरे उतरते. केवळ भारावून टाकणे हेच साध्य मानले, तिथे ते फसते. म्हणून महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी आणि रुग्णालयांनी हेडसेट विकत घेण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारावेत. स्वस्त पर्यायाशी याची तुलना झाली आहे का? आपल्यासारख्या माणसांवर ते तपासले आहे का? आणि जमा होणारी माहिती कोणाच्या हाती राहणार? तिन्हींची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय खरेदी करू नये.