समाज म्हणजे देणे : रॉबेर्तो एस्पोझितो यांच्या विचाराची एक तपासणी

'समाज' हा शब्द आपण फार सहज वापरतो. 'मुस्लिम समाज', 'कोकणी समाज' असे म्हणताना मनात काहीतरी मालकीचे असते : आपला धर्म, आपली बोली, आपली मशीद, आपले कब्रस्तान. इटालियन तत्त्वज्ञ रॉबेर्तो एस्पोझितो (जन्म १९५०) यांनी नेमक्या याच समजुतीला हात घातला आहे. 'कम्युनितास' (१९९८) या ग्रंथात ते समाजवाचक लॅटिन शब्दाच्या मुळाशी जातात. त्या शब्दातील 'मुनुस' म्हणजे देणे, कर्तव्य, फेडल्याशिवाय सुटका नाही अशी भेट. तेव्हा समाज म्हणजे सामाईक मालमत्ता असलेले लोक नव्हेत. सामाईक देणे असलेले लोक होत.

याची दुसरी बाजू 'इम्युनितास' (२००२) मध्ये येते. रोमन कायद्यात हा शब्द सार्वजनिक देण्यातून मिळालेल्या माफीसाठी होता. आपल्याकडे जमिनीचा सारा माफ होत असे, तसेच काहीसे. आज त्याच शब्दाचा अर्थ रोगप्रतिकारशक्ती असा होतो. एस्पोझितो म्हणतात, आधुनिक राज्यव्यवस्था माणसाला संरक्षण देते ते दुसऱ्याच्या देण्यातून त्याला मोकळे करून. थोडी माफी जगण्यासाठी लागतेच. पण तिचा अतिरेक झाला की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटावी तसे समाजाचे होते. 'बिओस' (२००४) मध्ये त्यांनी नाझी राजवटीचा विचार याच अंगाने केला आहे.

हा विचार आपल्याला तसा परका नाही. जनाज्याची नमाज फर्जे-किफाया आहे. काहींनी ती अदा केली तर सर्वांची जबाबदारी उतरते. कोणीच केली नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार ठरते. हे देणे कोणा एकाचे नाही, म्हणूनच ते प्रत्येकाचे आहे. एस्पोझितो यांना जे सांगायचे आहे ते आपल्या मोहल्ल्यातील अल्पशिक्षित माणसालाही ठाऊक असते.

प्रश्न असा की हे देणे मोहल्ल्याच्या वेशीवर संपते काय? यासाठी खेड तालुक्यातील लोटे पाहावे. मुंबई-गोवा महामार्गावरील लोटे-परशुराम ही औद्योगिक वसाहत मुख्यतः रासायनिक कारखान्यांची. तिने परिसरातील घरांना रोजगार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नफ्याच्या बाबतीत प्रत्येक कारखाना स्वतंत्र असतो, आणि सांडपाण्याच्या बाबतीत मात्र केंद्र 'सामुदायिक' असते. ते पाणी पुढे खाडीकडे जाते. दाभोळ खाडीच्या काठचे मच्छिमार प्रदूषणाची आणि मासळी मरण्याची तक्रार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. माफी म्हणजे काय, हे समजायला रोमन कायदा वाचावा लागत नाही. देणे एकाने टाळले की ते नाहीसे होत नाही; दुसऱ्याच्या जाळ्यात जाऊन पडते.

आणि आपण? आखाताच्या कमाईने कोकणात घरे उभी राहिली, तशी कंपाउंडची भिंतही उभी राहिली. कब्रस्तानाच्या जागेसाठी जी जमात एका हाकेसरशी गोळा होते, ती खाडीच्या पाण्यासाठी गोळा होईल काय? खाडीत जाळे टाकणारा कोणत्या जातीधर्माचा, हे मासा विचारीत नाही. हमीद दलवाई यांच्या 'इंधन' (१९६५) या कादंबरीतील कोकणी गावात पिढ्यानपिढ्यांची ओळख आहे, तरीही ते गाव पेटते. शेजारी राहिल्याने समाज होत नाही, हे दलवाईंनी एस्पोझितो यांच्या कितीतरी आधी दाखविले.

तथापि एस्पोझितो यांच्याशी आपले एक भांडण आहे. सर्वजण सारखेच ऋणी आहेत असे म्हटले की बलवान सुटतो. कारखानदार आणि मच्छिमार एकाच तराजूत बसत नाहीत. अल्पसंख्याकांना तर हा शब्द जपूनच घ्यावा लागतो, कारण निष्ठेचे देणे त्यांच्याकडेच पुन्हा पुन्हा मागितले जाते. २०२० च्या साथीत तबलीगचे निमित्त करून एका समाजालाच रोगजंतू ठरविण्यात आले. परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे निरीक्षण नोंदविले. समाजशरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उलटते म्हणजे काय, हे आपण पुस्तकाबाहेर पाहिले आहे.

ही उणीव भरून काढणारा शब्द आपल्या परंपरेत आहे : हुकूकुल-इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क. येथे देण्याला घेणारा आहे. ज्याचा हक्क बुडाला त्यानेच माफ केले पाहिजे. त्याच्या वतीने दुसऱ्याला माफ करता येत नाही. मच्छिमाराचा बुडालेला हक्क कारखानदाराने मशिदीला किंवा देवळाला देणगी देऊन फिटत नाही. आणि नागरिकाचा हक्क त्याच्या निष्ठेची परीक्षा घेऊन देण्याची वस्तू नव्हे.

एस्पोझितो यांनी समाजाला मालकीतून सोडवून देण्यापर्यंत आणले, हे त्यांचे मोठे काम. कोण कोणाचे किती देणे लागतो, हा हिशेब मात्र ज्या त्या गावाला मांडावा लागेल. आपल्या साहित्याने अस्मितेविषयी पुष्कळ लिहिले, आणि ते आवश्यकही होते. आता खाडीपलीकडच्या शेजाऱ्याचे आपण काय लागतो, हेही त्याने लिहावे.