विचारायचं कोणाला? रुग्णहक्कांच्या सनदेचं एक वाचन

आयोजकांनी विषय दिला होता 'वैद्यकीय नीतिशास्त्र'. विषय अफाट आहे. तेव्हा त्याचा इतिहास सांगत बसण्यापेक्षा एका मजकुराची समीक्षा करावी, असं आम्ही ठरवलं. हा मजकूर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. वाचला किती जणांनी, ते हात वर करायला लावून विचारत नाही, उगाच अवघडायला होईल. पुण्यातल्या कुठल्याही खासगी रुग्णालयात जा. स्वागतकक्षाजवळ, पाण्याच्या कूलरच्या वर नाहीतर इन्शुरन्सच्या टेबलामागे, एक फलक असतो : रुग्णहक्कांची सनद.

ती कुठून आली, हे थोडक्यात. २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सतरा हक्कांची सनद तयार केली. तिच्यामागे जनआरोग्य चळवळीतल्या माणसांचं वर्षानुवर्षांचं काम होतं, आणि त्यांतले काही आपल्या पुण्यातले. पुढे जानेवारी २०२१मध्ये महाराष्ट्र शासनाने शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती केली आणि सनद दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक झालं. आजाराची, तपासण्यांची, खर्चाची माहिती मिळण्याचा हक्क, कागदपत्रांच्या प्रतींचा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा, संमतीचा. चांगला मजकूर आहे. त्याची चेष्टा करायला आम्ही आलेलो नाही.

पण समीक्षकाने मजकुरात काय आहे याबरोबर काय नाही, तेही वाचायचं असतं. सनदेत हक्क आहेत, वेळ नाही. समजावून सांगायचं म्हणजे किती वेळ, आणि कुठे? आदल्या दिवशी खुर्चीत बसून, की स्ट्रेचर ढकलता ढकलता? याबद्दल ती गप्प आहे. शिवाय 'रुग्ण' हा शब्द ती असा वापरते, जणू रुग्ण एकटाच येतो. आपल्याकडे रुग्ण एकटा कधी येतो हो? त्याच्याबरोबर नवरा येतो, मुलगा येतो, सून येते, न्यू जर्सीहून फोनवर मुलगी येते. हे अंतर आम्हाला फलक वाचून कळलं नाही. त्याच फलकाखाली बसून कळलं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पत्नीची अँजिओग्राफी झाली. (तिच्या परवानगीने सांगतो आहोत. संमती घेतलेली आहे, तोंडी.) रुग्णालयाचं नाव सांगण्याचं कारण नाही, कुठेही हेच झालं असतं. आदल्या संध्याकाळी नर्स फॉर्म घेऊन आली. चार पानं, बारीक टाइप, इंग्रजी. 'काका, इथे, इथे आणि इथे,' असं म्हणत तिने पेनाने तीन फुल्या मारल्या. पत्नीने सही केली, साक्षीदार म्हणून आम्ही केली. जन्मभर विद्यार्थ्यांना शब्दन् शब्द वाचायला लावणाऱ्या आम्ही त्या चार पानांतली एक ओळ वाचली नाही. चष्मा खिशात होता.

दुसऱ्या दिवशी कॅथलॅबबाहेर बसलो होतो. वीसेक मिनिटांत दार उघडलं आणि आम्हाला काचेआडच्या एका खोलीत बोलावलं. पडद्यावर एक काळी शीर हलत होती. डॉक्टर तरुण, सज्जन, घाईत. 'सर, हे बघा, इथे ब्लॉकेज आहे. आत्ताच स्टेंट टाकला तर पुन्हा यायला नको. काय करू या?' काचेपलीकडे टेबलावर पत्नी. अशा वेळी भूल मनगटापुरती असते, माणूस जागा असतो. ती जागी होती, छताकडे बघत होती. तिच्यात आणि डॉक्टरांत दहा पावलं. आम्ही म्हणालो, 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा.'

संध्याकाळी वॉर्डात तिने विचारलं, 'अहो, मी जागी होते. मला का नाही विचारलं?'

काण्टच्या स्वायत्ततेवर तासन् तास बोललेल्या माणसाकडे याचं उत्तर नव्हतं. स्टेंट गरजेचा होता का, हा वेगळा प्रश्न. बहुधा होता. तिचा प्रश्न तो नव्हताच. आणि लक्षात घ्या, तिने तो डॉक्टरांना विचारला नाही. आम्हाला विचारला.

हाच प्रश्न २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हाताळला आहे, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात. चव्वेचाळीस वर्षांच्या कोहली निदानासाठी दुर्बिणीच्या तपासणीला गेल्या होत्या. त्या भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या वृद्ध आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. आणि सज्ञान माणूस तात्पुरता बेशुद्ध असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आईलासुद्धा त्याच्या वतीने 'हो' म्हणता येत नाही. कोहली निदान बेशुद्ध होत्या. आमची पत्नी जागी होती.

निकालाचा हा भाग आम्हाला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या भागाशी मात्र आमचा वाद आहे. प्रश्न असा, की रुग्णाला सांगायचं किती? न्यायालयापुढे दोन मापं होती. एक अमेरिकेतलं, १९७२च्या कँटरबरी खटल्यातलं : समंजस रुग्णाला निर्णय घेण्यासाठी जे महत्त्वाचं वाटेल, ते सांगा. दुसरं इंग्लंडमधलं : जबाबदार डॉक्टर सर्वसाधारणपणे जेवढं सांगतात, तेवढं पुरे. आपल्या न्यायालयाने दुसरं घेतलं. कारणं दिली ती आपल्या परिस्थितीची, की बहुसंख्य रुग्ण गरीब आहेत, फारसे शिकलेले नाहीत, वैद्यकीय संज्ञा त्यांना कळत नाहीत. आता, तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही याला चक्रक म्हणायचो. समजत नाही म्हणून सांगायचं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून समजत नाही. मावळातला भातशेतकरी दरवर्षी पाऊस, बियाणं, सोसायटीचं कर्ज यांची जोखीम तोलून निर्णय घेतो. शंभरात दोघांना त्रास होतो, हे त्याला कळणार नाही? त्याच्या भाषेत सांगायला वेळ लागेल, एवढंच. गंमत म्हणजे इंग्लंडने स्वतःच २०१५मध्ये माँटगोमेरी खटल्यात ते जुनं माप सोडून दिलं. त्यांनी उतरवलेला कोट आपण अजून घालून बसलो आहोत.

हा वाद नवा नाही बरं का. प्लेटोने 'लॉज'मध्ये दोन प्रकारचे वैद्य रंगवले आहेत. गुलामांवर उपचार करणारा गुलाम वैद्य कारण न सांगता हुकूम सोडतो आणि पुढच्या रोग्याकडे धावतो. स्वतंत्र नागरिकाचा वैद्य रोग्याशी, त्याच्या आप्तांशी बोलतो, स्वतःही शिकतो आणि रोग्याला पटल्याशिवाय औषध देत नाही. पुढे त्याच ग्रंथात हा पहिला वैद्य दुसऱ्याला हसतो : अरे, तू याला बरा करतोस की वैद्य करायला निघालास? हे हसू आम्ही पुण्यातल्या कन्सल्टिंग रूममध्ये ऐकलेलं आहे. 'गूगल करून आलात वाटतं?'

आपल्याकडे चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोगी त्यात आहे, ही मोठीच गोष्ट आहे. त्याचे चार गुण सांगितले आहेत : स्मरणशक्ती, सांगितलेलं ऐकणं, न घाबरणं आणि आपल्याला काय होतंय ते नीट सांगता येणं. रोग्याने बोलावं, हे चरकाला हवं आहे. विचारावं, हे त्या चारांत नाही. चरकाला आजच्या फूटपट्टीने मोजायचं नसतं, हे आम्हाला कळतं. पण आज्ञाधारकपणा हा रोग्याचा सद्गुण, ही समजूत आपल्या अंगात किती मुरली आहे ते बघा. 'पेशंट फार चांगला आहे' म्हणजे काय? काही विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, मग लोकांना शिकवा. आरोग्यसाक्षर करा, माहितीपत्रकं वाटा. करावंच. पण माहितीने काम भागतं, असं मानणाऱ्यांनी पुण्यातलाच एक जुना खटला वाचावा. ६ मे १९५३ला गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर आनंद गोडबोले या तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या, मग टॅक्सीने सुमारे अकरा तासांचा प्रवास करून मुलाला पुण्यात आणलं. ९ मेला इथल्या एका रुग्णालयात पाय प्लास्टरमध्ये घातला गेला. वडिलांना सांगण्यात आलं, की मॉर्फियाचा असर संध्याकाळी सातपर्यंत उतरेल. त्या भरवशावर ते दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास आईला दिसलं, की मुलाला श्वास घेता येत नाहीये. रात्री नऊला तो गेला. भूल न देता, जास्त जोर लावून हाड बसवल्याच्या धक्क्याने मृत्यू झाला, हा निष्कर्ष १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. भरपाई होती तीन हजार रुपये. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. डॉक्टरने रुग्ण स्वीकारावा का, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही पायऱ्यांवर त्याचं काळजी घेण्याचं कर्तव्य असतं, हे आजही या निकालाचा हवाला देऊन सांगितलं जातं.

पण वकिलांच्या टिपणांत सहसा न येणारी एक गोष्ट आम्हाला सुचते. त्र्यंबकराव स्वतः डॉक्टर होते. दौंडला प्रॅक्टिस करत होते. त्यांच्याइतका आरोग्यसाक्षर नातेवाईक कुठून आणणार? त्यांना मिळाला तो दिलासा, आणि दिलासा मिळाला की विचारणं थांबतं. हे त्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. बाप होते ते. मुलाजवळ आई थांबली होती आणि बदल पहिल्यांदा तिला दिसला.

डॉक्टरांची बाजू? आहेच. ससूनच्या ओपीडीत सकाळी जाऊन रांग पाहा आणि मग 'प्रत्येकाला वीस मिनिटं द्या' असं म्हणून दाखवा. खासगीतही कोंडी आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून लिहिलेल्या 'डिसेंटिंग डायग्नोसिस'मध्ये ती डॉक्टरांच्याच तोंडून येते : कट प्रॅक्टिस, टार्गेट, नको असलेल्या तपासण्या. प्रामाणिक माणसाला तिथे बोलण्याचा पगार मिळत नाही, प्रोसिजरचा मिळतो. म्हणून सनदेवरची आमची मुख्य तक्रार अशी आहे, की बोलण्याला दरपत्रकात ओळ नाही. बेडचा दर आहे, ऑक्सिजनचा आहे. समजावून सांगण्याच्या वेळेचा दर लावा, आम्ही आनंदाने भरू. मग निदान तो मिळाला नाही, अशी तक्रार तरी करता येईल.

आणि नातेवाइकांची? ती आमचीच. कॅन्सरचं निदान झालं, की घरातले आधी डॉक्टरांना बाजूला घेतात, 'आईला सांगू नका'. प्रेमानेच. आई मात्र सगळ्यांचे चेहरे वाचत आठवडाभर एकटी बसते.

दीड महिन्याने पत्नीची फेरतपासणी होती. तिने किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहिले. रक्त पातळ करणारी गोळी किती महिने? दात काढायचा आहे, तो कधी? आणि तिसरा आम्हाला दाखवला नाही. नंबर आल्यावर आम्हीही उठलो, तशी म्हणाली, 'तुम्ही बसा. लागलं तर बोलावते.' आम्ही बसलो. समोर सनद होती, ती पुन्हा वाचली. अकरा मिनिटं लागली तिला. बोलावलं नाही.

बाहेर आली तेव्हा डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर काढून दिलेलं हृदयाचं चित्र तिच्या हातात होतं.