नवोदित छायाचित्रकाराला दिला जाणारा अभिप्राय : नियम, निवाडा आणि वर्णन

प्रस्तावना

चित्रकलेचा विद्यार्थी वर्षानुवर्षे रेषेचा सराव करतो आणि मगच त्याच्या हातून पूर्ण चित्र उतरते. छायाचित्रण शिकणाऱ्याच्या हाती मात्र पहिल्याच दिवशी तयार चित्र येते. त्यामुळे त्याचे शिक्षण पूर्वसरावातून कमी आणि काढलेल्या चित्रावर मिळणाऱ्या अभिप्रायातून अधिक घडते. या अर्थाने अभिप्रायाचा दर्जा हा छायाचित्रणाच्या अध्यापनातील मूलभूत प्रश्न आहे. हा अभिप्राय सामान्यतः नियम किंवा निवाडा या दोन रूपांत दिला जातो. ही दोन्ही रूपे कोठे अपुरी पडतात आणि त्यांना पर्याय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांची मर्यादा

नवोदिताला सर्वप्रथम सांगितला जातो तो एक तृतीयांशाचा नियम. चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग कल्पून मुख्य विषय त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर ठेवावा, असा त्याचा आशय आहे. हा नियम छायाचित्रणातून जन्मलेला नाही. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ च्या आपल्या ग्रंथात निसर्गचित्राच्या संदर्भात त्याची मांडणी केली होती. छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर घोषणा त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १८३९ मध्ये झाली.

केवळ उगम अन्यत्र आहे म्हणून नियम त्याज्य ठरत नाही. मात्र त्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. ५० मिलिमीटरचे भिंग वापरून हातात कॅमेरा धरला असेल, तर शटरचा वेग साधारणतः १/५० सेकंदापेक्षा मंद नसावा, हाही एक नियमच आहे. परंतु त्यात कारण आणि परिणाम यांचा संबंध स्पष्ट आहे : वेग मंद झाला तर हाताच्या कंपाने चित्र हलते. विद्यार्थी याची प्रचीती स्वतः घेऊ शकतो. रचनेचा नियम विषय कोठे ठेवावा हे सांगतो, पण त्या स्थानामुळे आशयाचे काय होते याविषयी मौन बाळगतो. पॉल स्ट्रँड यांच्या १९१५ मधील 'वॉल स्ट्रीट' या छायाचित्रात बँकेच्या इमारतीचे प्रचंड काळे आयत चौकट व्यापून राहतात आणि चालणारी माणसे खालच्या पट्टीत लहानशी दिसतात. या विषम प्रमाणातच चित्राचा अर्थ आहे. केवळ रेषा मोजणाऱ्या परीक्षकाच्या हाती तो लागणार नाही.

निवाड्याची मर्यादा

दुसरे रूप निवाड्याचे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली होती. हौशी छायाचित्रकारांच्या संस्था, प्रदर्शने आणि स्पर्धा यांनी या कलेची जोपासना केली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु स्पर्धेतील गुण स्वीकार किंवा नकार एवढेच सांगतात. कारण सांगत नाहीत. मग विद्यार्थी कारणाचा अंदाज पारितोषिकप्राप्त चित्रांवरून बांधतो. सुरकुतलेला वृद्ध चेहरा, धुक्यातील बैलगाडी, वारीतील पताका हे विषय पुन्हा पुन्हा येतात, ते बहुधा यामुळेच. दोष या विषयांत नाही. पाहण्याआधीच ते ठरलेले असतात, यात आहे. 'छान टिपले आहे' ही कौतुकाची प्रतिक्रियाही याच जातीची होय. तिने उत्साह वाढतो, दृष्टी वाढत नाही.

वर्णनात्मक अभिप्राय

या दोहोंहून वेगळा असा अभिप्राय स्ट्रँड यांच्याच जडणघडणीत आढळतो. न्यूयॉर्कमधील एथिकल कल्चर स्कूलमध्ये त्यांना लुईस हाईन हे शिक्षक लाभले. हाईन यांनीच १९०७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या '२९१' या कलादालनात नेले. पुढे स्ट्रँड आपली चित्रे स्टिग्लिट्झ यांना दाखवीत असत. त्या काळच्या अभिरुचीनुसार ते सॉफ्ट-फोकस भिंग वापरीत. स्टिग्लिट्झ यांनी दाखवून दिले की या भिंगामुळे गवत, पाणी आणि झाडाची साल या सर्वांचा पोत सारखाच दिसू लागतो व प्रत्येक वस्तूचे वेगळेपण हरपते. उपाय म्हणून त्यांनी अ‍ॅपर्चर लहान करून काम करण्यास सुचविले.

या अभिप्रायाची घडण लक्षणीय आहे. त्यात प्रथम चित्रात काय घडले याचे वर्णन आहे. मग त्याचे तांत्रिक कारण आहे. शेवटी करून पाहता येईल अशी कृती आहे. चित्र चांगले की वाईट हे सांगण्याची गरजच उरत नाही. १९१६ मध्ये '२९१' मध्ये स्ट्रँड यांचे प्रदर्शन भरले आणि १९१७ मध्ये 'कॅमेरा वर्क'चा अखेरचा अंक स्टिग्लिट्झ यांनी त्यांच्याच कामाला वाहिला. या यशाचे सारे श्रेय एका सल्ल्याला देणे अतिशयोक्त ठरेल. तथापि त्या सल्ल्याने स्ट्रँड यांना स्वतःचे चित्र पाहण्याची रीत दिली, असे निश्चित म्हणता येईल.

विषय झालेली व्यक्ती

चित्रात माणूस असेल तर अभिप्रायाला आणखी एक जबाबदारी येते. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट महात्मा गांधींचे चरख्यासह छायाचित्र घेण्यास गेल्या, तेव्हा त्यांना आधी सूत कातणे शिकण्यास सांगण्यात आले. ज्याचे चित्र घ्यायचे त्याचे काम समजून घ्यावे, हा त्यामागील आग्रह होता. विद्यार्थ्याने आणलेल्या वृद्धेच्या चित्रात प्रकाश सुरेख आहे, एवढे सांगून शिक्षक थांबला, तर ती वृद्धा केवळ पोत बनून राहते. ती कोण, तिला विचारले होते का, हे चित्र तिला दाखविले का, हे प्रश्न कलाबाह्य नाहीत. छायाचित्रकार किती अंतरावर उभा राहिला, याचे उत्तर अनेकदा त्यांतच असते.

समारोप

अभिप्रायाचे अंतिम प्रयोजन विद्यार्थ्याला स्वतःचा परीक्षक बनविणे हे होय. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड आपले रोल मुद्दाम उशिरा धुऊन पाहत. चित्र घेतानाच्या आनंदाचा प्रभाव निवडीवर पडू नये, हा त्यांचा हेतू होता. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा सुमारे २,५०० रोल धुण्याचे राहून गेले होते. म्हणजे या उपायालाही मर्यादा हवी. तरीही पडद्यावर क्षणार्धात चित्र पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला थोडा अवधी लाभदायकच ठरेल. आठवडाभराने तेच चित्र समोर ठेवून प्रथम काय दिसते, जे पाहिले होते त्यातले काय आले नाही, ते कोणत्या निवडीमुळे राहिले आणि पुन्हा घेताना काय बदलावे, हे चार प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेच लागतात. परंतु गुणांशेजारी या प्रश्नांना धरून दोन ओळी लिहिल्या, तर विद्यार्थी पुढच्या चित्राकडे नव्या नजरेने पाहू शकेल.